पार्सल हरवलं, भरपाई मिळाली का? अनुभव लिहा

वाकळवाली:
दिवाळीची साफसफाई चालू आहे. माळ्यावर बबलरॅपचं अर्धं भेंडोळं सापडलं आणि मागचं सगळं वर आलं. लिहूनच टाकते.

सासूबाई वाकळ शिवतात. घरातली जुनी लुगडी, धोतरं, सगळा हाताचा धावदोरा, एकीला महिना लागतो. लॉकडाऊननंतर मी त्या एका ऑनलाइन बाजारात विकायला ठेवल्या. सात-आठ सुखरूप गेल्या. डिसेंबर 2021 मध्ये नागपूरच्या एका ताईंनी डबल बेडची घेतली, 3200 रुपयांना. कराडहून पुणे, पुण्याहून भिवंडी (नागपूरला जायला भिवंडी कशाला, ते मला विचारू नका). तिथे अकरा दिवस मुक्काम, मग ट्रॅकिंगवर नुसतं 'लॉस्ट'. ताईंना पैसे परत गेले आणि ते माझ्या सेटलमेंटमधून कापले.

क्लेम टाकला तर म्हणे खरेदीचं बिल जोडा. अहो, खरेदी कसली? एक लुगडं सासूबाईंच्या आईचं होतं. माझ्याकडे बिल होतं फक्त दोऱ्याच्या रिळांचं, 180 रुपयांचं. तेच जोडलं. तिसऱ्या दिवशी 180 रुपये मंजूर आणि तिकीट (म्हणजे तक्रार) क्लोज! सासूबाई म्हणाल्या, "सुईचंही लावायचं होतंस, अजून दहा आले असते."

मग चिकाटीने परत तिकीट काढलं. त्याच मापाच्या आधी विकलेल्या तीन वाकळांची त्यांच्याच साइटवरची बिलं, पिकअपवाल्या पोराने सही केलेला मॅनिफेस्ट (नेलेल्या पार्सलांची यादी), वजनकाट्यावरचा फोटो, सगळं लावलं. सत्तेचाळीस दिवसांनी 2100 आले. बाकीचे कुठे गेले ते अजून कळलेलं नाही. तुमचं काय झालं?

बाराखडी:
शीर्षक न वाचता आले. मला वाटलं वाकळेच्या धाग्यावर धागा आहे.

चपलेचा_जोड:
कोल्हापुरी विकतो. हरवलं तर निदान हरवलं म्हणतात हो. माझं आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) होऊन परत आलं, खोक्यात एक फाटकी स्लीपर. एकच. क्लेम रिजेक्ट, कारण खोकं उघडतानाचा व्हिडिओ नाही. आता प्रत्येक परत आलेलं खोकं उघडताना घरात शूटिंग असतं. लेबल आधी दाखवायचं, सील दाखवायचं, मग कात्री, आणि मध्ये कट नाही. पोरगं ॲक्शन म्हणतं.

बाराखडी:
@चपलेचा_जोड दुसरी स्लीपर दुसऱ्या सेलरला गेली असेल. शोधा.

जुनी_पानं:
जुने दिवाळी अंक विकते. 2019 मध्ये एक संच स्पीड पोस्टने पाठवला, 4500 चा. गेला तो गेलाच. भरपाईचा नियम म्हणजे स्पीड पोस्टचा खर्च झाला त्याच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातलं जे कमी ते. माझा खर्च 140. म्हणजे 280 मिळाले. काउंटरवरचे काका फार चांगले, त्यांनीच सांगितलं की महागाची वस्तू असेल तर विमा उतरवूनच टाकत जा. तेव्हापासून तसंच करते. थोडे जास्त जातात पण झोप लागते.

कुकर लावलाय, नंतर येते.

निवृत्त_कारकून:
मी वकील नाही, पण भाच्याच्या प्रकरणात ग्राहक आयोगाच्या पायऱ्या झिजवल्यात म्हणून लिहितो.

पहिला अडथळा म्हणजे समोरचा म्हणतो, "तुम्ही विक्रेते, धंद्यासाठी आमची सेवा घेतलीत, तुम्ही ग्राहकच नाही." 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात यावर सोय आहे. केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून सेवा घेतली असेल तर तुम्ही ग्राहक ठरू शकता. वाकळवालीताई, तुमच्या घरचा उद्योग यात बसवता आला असता. हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहायचं.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा, पुष्कळदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, भिवंडीला जावं लागत नाही. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत 2 वर्षं. ट्रान्सपोर्टच्या ट्रकने माल पाठवला असेल तर मात्र बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. तिथे आळस केला की संपलं.

आणि पावतीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका कुरिअर प्रकरणात 100 डॉलरची मर्यादाच कायम केली होती, कारण ती छापलेल्या कागदावर पाठवणाऱ्याची सही होती.

चपलेचा_जोड:
ते अक्षर वाचायला आमचा चष्मा पुरत नाही काका 😄

निवृत्त_कारकून:
भिंग घ्या. ऑनलाइन मागवू नका.

देशावरची:
वाकळ शब्द किती दिवसांनी वाचला! आमच्याकडे पुण्यात सगळे गोधडीच म्हणतात. आजी मात्र वाकळच म्हणायची. बाळाचं असलं की दुपटं.

चाळीतला:
आम्ही चौघडी म्हणायचो. विषय सोडून लिहिलं, माफी.

म्युनिककर:
इकडे जर्मनीत मुलाची सायकल सीट विकली, पार्सल गायब. इथल्या साध्या विम्याच्या पार्सलला 500 युरोपर्यंत भरपाई असते, आणि विकणारा खासगी माणूस असेल तर पार्सल कुरिअरकडे दिलं की जोखीम घेणाऱ्याची, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आपले लाजेने आधीच पैसे परत केले. शोध अर्ज भरला, तर पाचव्या आठवड्यात उत्तर: पार्सल शेजाऱ्याकडे दिलंय. घेणाऱ्याच्या शेजारणीकडे! ती सुट्टीवर गेली होती. पैसे परत मागायला परत लाज.

बाराखडी:
मागितले का पण?

म्युनिककर:
बायकोने मागितले.

जुनी_पानं:
आले. @वाकळवाली, हाताच्या वस्तूची किंमत कशी सिद्ध करायची हाच खरा घोळ आहे. माझ्या अंकांवर छापील किंमत 3 रुपये! क्लेमवाल्याने तीच धरली होती एकदा.

वाकळवाली:
@जुनी_पानं 🙏 म्हणजे मी एकटी नाही. 180 वरून अजून घरात चिडवतात.
@निवृत्त_कारकून 2 वर्षं कधीच उलटली काका. पण पहिल्या परिच्छेदाचं लिहून ठेवलं.

देशावरची:
ताई डबल बेडची करून मिळेल का? खण लावून.

वाकळवाली:
सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, फेब्रुवारीनंतर बघू. आणि न्यायला घरी यावं लागेल हां.

देशावरची:
चालेल. कराड स्टँडपासून रिक्षा मिळते ना?