डिसेंबरात सिसिली: कुठल्या गावी काय वाचावं आणि आईने काय खावं? मदत हवी आहे

मंडळी, डिसेंबरात आईला घेऊन सिसिलीला निघाले आहे. पालेर्मो, मग त्रापानी-एरिचे, शेवटी अग्रिजेंतो. गाडी भाड्याने घेणार नाही, सगळी भिस्त बस आणि रेल्वेवर. आम्हा दोघींना वाचायचं आणि खायचं वेड. त्या गावचं पुस्तक त्याच गावी उघडायचं आणि त्यातलं जे मिळेल ते तिथेच खायचं, असा बेत आहे. मी सगळं खाते. आई शाकाहारी; केकमधलं अंडं चालतं, चरबी अजिबात नाही.

१३ डिसेंबरला मुद्दाम पालेर्मोत राहतोय. त्या दिवशी सांता लुचियाचा सण असतो. १६४६ च्या दुष्काळात याच दिवशी धान्याचं जहाज बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी दळत न बसता गहू तसेच शिजवून खाल्ले, अशी आख्यायिका आहे. म्हणून त्या दिवशी पाव-पास्ता वर्ज्य. शिजवलेले गहू, रिकोटा (मऊ ताजं चीज) आणि साखरेची कुच्चिया खातात. आई तिच्यासाठीच येतेय म्हटलं तरी चालेल! पानेल्लेही तिला चालावेत: बेसन पाण्यात शिजवायचं, सुरळीच्या वडीसारखं पसरायचं, निवलं की कापून तळायचं. पण बाल्लारोच्या बाजारात त्याच कढईत मांस-मासे तळतात का? अरांचिने म्हणजे भाताचे तळलेले गोळे. त्यात खिमा असतो आणि लोण्याच्या म्हणतात त्यातही हॅम निघतं. पालकाच्या अरांचिने खात्रीने कुठे मिळतील? आणि कान्नोलीच्या (रिकोटा भरलेल्या तळलेल्या गोड नळ्या) कवचात डुकराची चरबी असते, तर बिनचरबीच्या कुणी खाल्ल्या आहेत का?

पालेर्मोसाठी लांपेदूझांची ‘द लेपर्ड’ ही कादंबरी ठरली आहे. ती १९५८ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर छापली गेली. त्यातलं दोन्नाफुगाताचं जेवण मला फार आवडतं. परक्या पद्धतीप्रमाणे आधी सूप येणार या धास्तीने पाहुणे बसलेले असतात आणि येतात मॅकरोनीच्या भल्यामोठ्या टिंबाल्या (कवचात भरून भाजलेली मॅकरोनी), कवच फुटताच दालचिनीचा वास. दोन्नाफुगाता हे कादंबरीतलं गाव सांता मार्गेरिता दी बेलीचे या खऱ्या गावावरून घेतलंय. तिथला लेखकाच्या आजोळचा वाडा १९६८ च्या भूकंपात पडला, पण उरलेल्या भागात संग्रहालय आहे. (रगुसाजवळचा दोन्नाफुगाता किल्ला वेगळा, मी आधी तिथलीच बस शोधणाऱ्यांचे प्रश्न बरेच वाचले, म्हणून लिहून ठेवते.) पालेर्मोहून बसने जाऊन त्याच दिवशी परत येता येतं का? वयस्कर माणसाला झेपेल का?

एरिचेसाठी मरिया ग्राम्मातिको यांच्या आठवणींचं ‘बिटर आल्मंड्स’. मठाच्या अनाथाश्रमात वाढलेली ही मुलगी तिथे बदामाची मिठाई शिकली आणि पुढे त्याच गावात तिने दुकान काढलं. तिथे बसून हे पुस्तक आईला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. त्रापानीहून वर जाणारा रोपवे डिसेंबरात चालू असतो का?

अडलंय ते अग्रिजेंतोपाशी. शेजारचं पोर्तो एंपेदोक्ले हे रहस्यकथाकार कामिल्लेरींचं गाव, तेव्हा त्यांचा मोंताल्बानो हवाच. जेवताना कुणी बोललेलं न खपणारा हा इन्स्पेक्टर मला जवळचा वाटतो. पण त्याचं जेवण म्हणजे मासे आणि मासे. वांग्याची कापोनाता सोडली तर आईने समोर बसून काय खायचं? पिरांदेल्लो तिथलेच, पण त्यांच्या कथांमध्ये खाण्याचं फारसं आठवत नाही. कुणाला एखादी कथा आठवत असेल तर नक्की सांगा.

आणखी एक. ‘सेन्झा कार्ने’ (मांसाशिवाय) म्हटलं तरी हॅम किंवा अँकोव्ही (छोटे खारवलेले मासे) येऊ शकतात असं कळलंय. तिकडे राहणाऱ्या कुणी दोन-तीन ओळी इटालियनमध्ये, पण देवनागरीत लिहून द्याल का? आईला त्या स्वतः म्हणायच्या आहेत.