मदत हवी आहे: कोलिन ग्लायसिनेट विषारी आहे की फक्त अल्कलाइन?

मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये अडकलोय. केमिस्ट्रीवाले, मायक्रोवाले, शेतीवाले, कुणीही बोला.

विषय आहे कमी विषारी आयनिक लिक्विड्स. ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी: १०० अंश सेल्सियसच्या आतच वितळणारे क्षार. वाफ जवळपास होतच नाही, म्हणून यांना बरीच वर्षं 'ग्रीन' म्हणून मिरवलं गेलं. पण हवेत जात नाही म्हणून पाण्यात जायचं थोडंच थांबतं? यातला नेहमीचा प्रकार इमिडाझोलियमचा, म्हणजे दोन नायट्रोजन असलेल्या कड्याचा धन आयन. त्याला जोडलेली कार्बन साखळी जितकी लांब, तितका तो आयन पेशीच्या पडद्यात सहज शिरतो. ब्युटाइलपेक्षा (चार कार्बन) ऑक्टाइल (आठ कार्बन) कितीतरी घातक. उत्तर इंग्लंडमध्ये एका कचरा डेपोजवळच्या मातीत हे ऑक्टाइलवालं सापडलं आणि यकृताच्या एका आजारामागे ते असू शकतं, असं तिथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलं.

म्हणून आम्ही कोलिनकडे वळलो. (कोलिन क्लोराइड म्हणजे कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तेच.) कोलिन हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ग्लायसिन (सगळ्यात साधं अमिनो ॲसिड) किंचित जास्त घालायचं, पाणी रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रव उडवायचं यंत्र) उडवायचं, मग ॲसिटोनायट्राइल-मेथॅनॉल टाकलं की उरलेलं ग्लायसिन खाली बसतं, ते गाळून टाकायचं. शेवटी मधासारखं घट्ट, पिवळसर द्रव मिळतं, तेच कोलिन ग्लायसिनेट. तापमान जास्त झालं की ट्रायमिथाइलअमाइन सुटतं आणि अख्ख्या लॅबला सुक्या मासळीचा वास. ते सावरलं. बगॅसमधलं (उसाचं चिपाड) लिग्निनही, म्हणजे वनस्पतीला कडकपणा देणारा घटक, यात बऱ्यापैकी उतरतंय.

घोळ पुढे आहे. विषारीपणा तपासायला पेट्री डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर मूग ठेवले. १ टक्का द्रावणात मूग फुगतात, साल फुटते, पण मूळ जेमतेम बाहेर येऊन टोकाशी तपकिरी पडतं. साध्या पाण्यातले मस्त वाढतात. आता या द्रावणाचा पीएच १० च्या वर आहे. म्हणजे मूग कोलिन ग्लायसिनेटने मेले की नुसत्या अल्कलीने?

गाइड म्हणतात, हायड्रोक्लोरिक ॲसिडने ७ वर आण आणि परत लाव. पण ॲसिड घातलं की ग्लायसिनेटचं ग्लायसिन होणार, म्हणजे डिशमध्ये उरणार कोलिन क्लोराइड आणि ग्लायसिन. दोन्ही निरुपद्रवी आहेत हे आधीच माहीत आहे! मग मी नक्की कशाची चाचणी घेतोय? आणि 'कमी विषारी' असं थिसिसमध्ये लिहिलं तर ती लबाडी नाही का?

प्रतिसाद

लबाडी नाही, पण नुसता ७ पीएचचा आकडा दिलात तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. दोन्ही द्या. ड्रम फुटून घट्ट माल ओढ्यात गेला तर पहिला फटका अल्कलीचाच बसणार. पण पुढे वाहत्या पाण्यातलं बायकार्बोनेट आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड तेच करतात जे तुमचं ॲसिड करतंय. त्या पाण्यात ग्लायसिनेट ग्लायसिनेट राहतच नाही. इमिडाझोलियमची अडचण उलटी आहे, तो धन आयन पीएच कितीही बदला, जसाच्या तसा. फरक दाखवायचा तर तो हा दाखवा.

डिशेस अशा लावा: तुमचं द्रावण जसंच्या तसं, त्याच पीएचचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड (पुढे नुसतं 'पोटॅश' म्हणतो, खत नव्हे), तेवढ्याच मोलॅरिटीचं कोलिन क्लोराइड, ७ वर आणलेलं द्रावण, आणि मिळालं तर ऑक्टाइल इमिडाझोलियम क्लोराइड. फक्त एक पाहा: कोलिन ग्लायसिनेट स्वतः बफर आहे, म्हणजे पीएच सहज बदलू देत नाही; पातळ पोटॅश तसं नाही. त्यामुळे पोटॅशच्या डिशचा पीएच एका दिवसात घसरतो. रोज द्रावण बदला, नाहीतर तुलना फसेल.

दुसरं, १ टक्का फार झालं. लिटरला १० ग्रॅम म्हणजे साधारण ५६ मिलिमोल, तिथे खारेपणाचाही त्रास सुरू होतो. लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत खाली या.

धागाकर्ता

पोटॅशची डिश डोक्यातच आली नव्हती, उद्याच लावतो. एक गंमत, ७ वर आणलेल्या डिशमध्ये चौथ्या दिवशी कागदावर बुरशी आली. साध्या पाण्यात नाही. हे 'बायोडिग्रेडेबल'च्या बाजूने धरता येईल का?

प्रतिसाद

परीक्षक हसतील. ग्लायसिनमधला नायट्रोजन मिळाला की बुरशी येणारच, कोलिनला तिने हात लावला की नाही ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी ओईसीडी ३०१ ची (रसायन सहज कुजतं का ते ठरवायची आंतरराष्ट्रीय पद्धत) बंद बाटलीची चाचणी असते: २८ दिवसांत सैद्धांतिक ऑक्सिजनच्या, म्हणजे पूर्ण विघटनाला हिशोबाने लागेल तेवढ्याच्या, ६० टक्के खप झाला पाहिजे, आणि तोही १० टक्के ओलांडल्यापासून ठरावीक मुदतीत. एन्व्हायर्न्मेंट डिपार्टमेंटमध्ये बीओडीच्या (जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते मोजायच्या) बाटल्या पडून असतात, विचारा. मात्र द्रावण लिटरला काही मिलिग्रॅमच घ्या, आणि नायट्रिफिकेशनने (जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात त्याने) खाल्लेला ऑक्सिजन वेगळा मोजा, दोन्ही घटकांत नायट्रोजन आहे.

धागाकर्ता

बाटल्या आहेत, इन्क्युबेटर २० अंशांवर महिनाभर मिळेल का ते बघतो. पोटॅशचा निकाल आला की इथेच टाकतो.