पिन कुणाच्या हातात?

लेकरं मोबाईलवर खुनाखुनीच्या वेब सिरीज बघतात म्हणून काहीजण म्हणतात, ‘सरकारनं असल्या वेब सिरीजवर सरळ बंदी आणावी, आईबाप कुठं कुठं पुरे पडणार.’ हे काही पटलं नाही. नियम आहेत की. २०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीवर (म्हणजे इंटरनेटवरून सिरीज-सिनेमे दाखवणाऱ्या ॲपवर) ७+, १३+, १६+ आणि फक्त प्रौढांसाठी अशी वर्गवारी आणली. १३+ पासून पुढं पालकांना लॉकची (पिन टाकल्याशिवाय सिरीज उघडू नये अशी) सोय देणं कंपन्यांना बंधनकारक केलं.

घोडं अडतंय ते घरात. आमच्या बीडकडं दिवाळीच्या आगंमागं आईबाप ऊसतोडीला जातात, लेकरं आजी-आजोबांजवळ. फोन आजोबांचा, पण पिन टाकून दिलेला नातवानं! कीर्तन लावून द्यायलाही तोच लागतो. तिथं लॉक काय करणार?

शिकल्यासवरल्यांना मात्र ही सबब नाही. लहान पोराला मांडीवर घेऊन खुनाखुनी बघत बसायचं आणि वर म्हणायचं, ‘त्याला कुठं काय कळतंय!’ (कळतं हो, सगळं कळतं.)

शाळेच्या पालकसभेत नुसत्या मार्कांचं दळण दळण्यापेक्षा हे लॉक कसं लावायचं ते एकदा करून दाखवावं. आजोबांनाही बोलवावं, आणि पिन टाकताना नातवाला बाहेर पाठवावं.