गोळेवाल्याच्या बाटलीला लेबल कोण लावणार?

कडक_भाकरी

परवा संध्याकाळी पोरीला घेऊन सिद्धेश्वर तळ्याकडं फिरायला गेलो होतो. सोलापूरचा एप्रिल, सात वाजले तरी रस्त्यातनं वाफ येतीय, मग काय, गोळा पाहिजेच. काला खट्टा घेतला. अर्धा खाऊन झाल्यावर म्हणती, पप्पा आधी गोड लागतंय आन मग कडू. मी चोखून बघितलं तर जिभेच्या मागं तीच जुनी चव, लहानपणी शाळेसमोरच्या आइसकांडीला यायची ती. गाड्याखाली वाकून बघितलं, पाकाच्या कॅनशेजारी रबर लावलेली छोटी पुडी, आत पांढरे बारीक खडे. हे काय म्हणून विचारलं तर म्हणतो, "साखरच हाय की मालक, जरा स्ट्राँगवाली."

घरी आल्यावर मुद्दाम फ्रिजमधला झिरो कोलाचा कॅन काढून वाचला (बायकोचा, माझा नाही). मागच्या बाजूला, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलंय, यात अमुक तमुक स्वीटनर आहे, लहान मुलांसाठी शिफारस नाही. त्यातलं अस्पार्टेम हे स्वीटनर असेल तर फेनिलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार असणाऱ्यांनी घेऊ नये हेपण. म्हणजे कायद्याला माहितीय की पोरांना देऊ नका, फक्त ते सांगायचं कुणाला तर भिंग घेऊन बसणाऱ्याला. आणि गोळ्याला तर मागची बाजूच नाही.

आता हिशोब बघा. पुडीतले खडे सॅकरिनचे धरा, हे स्वीटनर साखरेच्या साधारण ३०० पट गोड. जेईसीएफए म्हणून जी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समिती आहे तिनं रोजची मर्यादा दिलीय वजनाच्या किलोमागं ५ मिलिग्रॅम. माझी पोर २० किलोची, म्हणजे १०० मिलिग्रॅम. लिटरभर पाकात चिमटीनं अर्धा ग्रॅम पडलं असं धरा, एका गोळ्यावर १०० मिलिलिटर पाक गेला (पोरं 'अजून रंग टाका' म्हणत तीनतीनदा ओतून घेतात) की झाले ५०. दोन गोळ्यांत दिवसाचा कोटा फुल्ल, आणि हे सगळं त्याच्या चिमटीवर. मोठा अंगठा असला तर?

माझं म्हणणं, सुट्ट्या मालात स्वीटनर सरळ बंद करा, आणि पॅकेटवर पुढच्या बाजूला, मराठीत, डोळ्यात खुपेल असं लिहायला लावा. मेक्सिकोत २०२० पासून पुढंच काळ्या चौकटीत छापतात की यात स्वीटनर आहे, मुलांना देऊ नये. त्यांना जमतं, आपल्याला का नाही?

लॅबवाला

दादा हिशोब बरोबर, अर्थ चुकला. ती मर्यादा ओलांडली की विष असं नसतं. प्राण्यांना ज्या डोसला काही होत नाही त्याला साधारण १०० नं भागून काढतात, तीपण रोज, आयुष्यभर खाल्लं तर या हिशोबानं. महिन्यातनं दोन गोळ्यांनी पोरीला काही होत नाही.

सॅकरिन १८७९ सालचं आहे, आपल्या आजोबांच्या आधीचं. १९७० च्या दशकात उंदरांना मूत्राशयाचा कॅन्सर दिसला म्हणून अमेरिकेनं १९७७ पासून डब्यावर इशारा छापायला लावला, कॅनडानं तर बहुतेक ठिकाणी बंदच केलं. पुढं कळलं की तो प्रकार उंदराच्या लघवीच्या रसायनाशी जोडलेला आहे, माणसात तसं होत नाही. २००० साली अमेरिकेनं इशारा काढला, २०१४ ला कॅनडानं बंदी उठवली. घाबरून कायदा केला की असं होतं, चाळीस वर्षं लागतात मागं यायला.

आणि सुक्रालोज, तेपण असलंच स्वीटनर, कुणी शोधलं माहितीय का? शशिकांत फडणीस, आपलाच मराठी माणूस, १९७६ ला लंडनच्या कॉलेजात. साहेब म्हणाले टेस्ट कर, म्हणजे तपासून बघ, यांनी ऐकलं टेस्ट कर, म्हणजे चाखून बघ! आपल्या मराठीत दोन्ही सारखंच लिहितात हो, त्यांचा काय दोष 😄

ऊस_पट्टा

बंद करा म्हणजे बंदच करा, पॅकेटमधलं बी. आमचा ऊस एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव) मागत फाटकात उभा, साखरेचा किमान विक्री दर २०१९ ला ३१ रुपये केलाय, किती वर्षं झाली त्याला, आणि इकडं कोलावाले फॅक्टरीतली पावडर घालून 'झिरो' म्हणून विकतात. सोलापूर जिल्ह्यात जितके साखर कारखाने तितके महाराष्ट्रात दुसरीकडं दाखवा. ऊस लावायचा आम्ही, पाणी उजनीचं संपवलं म्हणून शिव्या खायच्या आम्ही, आणि गोडी चीनची का?

मधुमेही_काका

उसवाल्या भाऊ, तुमच्या साखरेनंच मी इथवर आलोय, अठरा वर्षं गोळ्या चालू आहेत. मला सकाळचा चहा गोड प्यायचा असतो, बिनसाखरेचा प्यायला मी काही संत नाही. स्वीटनर बंद करायची भाषा करणाऱ्यांनी एकदा आमच्या घरी गौरी-गणपतीला येऊन बघावं, सगळ्यांच्या पानात पुरणपोळी आणि मी खिडकीतनं बाहेर बघतोय.

जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन कमी करायला म्हणून स्वीटनर वापरू नका. लगेच जावई कात्रण घेऊन हजर, बघा बाबा तुमची चहातली स्वीटनरची गोळी. अरे पण त्यातच लिहिलंय की आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही. तेवढं वाक्य कुणी फॉरवर्ड करत नाही.

होम_मैदान

काकांना फुल्ल सपोर्ट पण शुगर फ्री मिठाईबद्दल बोला की जरा. दिवाळीत आमच्या सासऱ्यांना एका दुकानातनं शुगर फ्री लाडू आणले, गोड माणूस, एका बैठकीत सहा खाल्ले. रात्री बारा ते चार संडासात 😂 दुसऱ्या दिवशी दुकानदाराला विचारलं तर म्हणतो माल्टिटॉल असतं, जास्त खाल्लं की पोट सुटतं, सगळ्यांना माहितीय. कुणाला माहितीय बे? बॉक्सवर एक अक्षर नाही.

लॅबवाला

हा मुद्दा मात्र खरा. पॉलिऑल (माल्टिटॉल त्यातलंच एक) १० टक्के किंवा जास्त असलं तर जुलाब होऊ शकतात हे लेबलवर छापायचा नियम आहे. 'शुगर फ्री' म्हणायलापण नियम आहे, १०० ग्रॅममागं साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर नको. पण त्यात तूप आणि खवा किती ते या शब्दात येत नाही, लोक शुगर फ्री म्हणजे वजन फ्री समजतात.

कडक_भाकरी

बघा म्हणजे तुम्हीच माझ्या मुद्द्यावर आलाव. पॅकेटला नियम हाय, सुट्ट्याला कोण विचारतंय? आणि ते २०२३ चं अस्पार्टेमचं कॅन्सरचं काय झालं मग?

लॅबवाला

जुलै २०२३, आयएआरसीनं (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) अस्पार्टेम '२बी' गटात टाकलं, म्हणजे कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही, पुरावा कमजोर. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे. हा गट 'होऊ शकतं का' एवढंच सांगतो, 'किती खाल्ल्यावर' ते सांगत नाही. ते सांगायचं काम जेईसीएफएचं, त्यांनी त्याच दिवशी किलोमागं ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा तशीच ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसात ९ ते १४ कॅन प्यावे लागतील. एवढे कॅन पिणाऱ्याचा प्रॉब्लेम अस्पार्टेम नाही.

दुपारची_शिफ्ट

मी नर्स आहे, लहान मुलांच्या वॉर्डात. २० किलोच्या पोराला ४० नं गुणा, ८०० मिलिग्रॅम, आणि एका कॅनमध्ये २००-३०० असेल तर तीन-चार कॅन. वाढदिवसाला दोन लिटरची बाटली मध्ये ठेवून पोरांना सोडून देतात तेव्हा हे लांबचं राहत नाही. मोठ्या माणसाचं गणित पोराला लावू नका एवढंच.

अजून एक, फेनिलकीटोन्युरिया वाचून कुणी घाबरू नका, फार दुर्मिळ आजार आहे. पण ज्या घरात आहे त्या घराला ती बारीक ओळच आधार आहे. कडक भाकरी दादा, तुमच्या गोळ्यातलं सॅकरिन असेल तर त्याचा याच्याशी संबंध नाही, ते फक्त अस्पार्टेमचं.

गाडा_नंबर_७

एवढा वेळ वाचतोय, आता बोलतो. माझ्या वडिलांचा गोळ्याचा गाडा हाय, पंचवीस वर्षं. कुठला ते सांगत नाही.

सीझनला दिवसाला सात-आठ किलो साखर लागते. किलोला पंचेचाळीस धरा, साडेतीनशे रुपये नुसते साखरेचे, त्यात बर्फ, रंग, इसेन्स, बसायच्या जागेचे, पोलिसाचं वेगळं. गोळा वीस रुपयाला, पंचवीस केला तर गिऱ्हाईक पुढच्या गाड्यावर. पुढच्या गाड्यावर पुडी आहे. मग पप्पांनी काय करायचं सांगा. तुम्ही घरात एसीत बसून झिरो पिता ते शास्त्र, आणि आम्ही चिमूट टाकली की भेसळ.

आणि नुसत्या पुडीवर गोळा होत नाही हे बी ऐका. साखरेचा पाक चिकट असतो, बर्फावर थांबतो. पुडीचा पाक पाण्यासारखा, वरनं ओतला की खालनं गळतो, पोराचा शर्ट रंगतो. म्हणून अर्धी साखर टाकावीच लागते. दादांच्या गोळ्यात बी असणार.

होम_मैदान

आमच्या आजीची टेस्ट, पाकाला मुंगी लागली तर साखर, नाही लागली तर पुडी.

लॅबवाला

आजी ग्रेट आहेत पण अर्धी साखर असली तर मुंगी येणारच, आत्ताच सांगितलं की त्यांनी.

कडक_भाकरी

गाडा भाऊ, तुमच्या वडिलांवर राग नाही. पण मला सांगा, त्या पुडीवर तरी काय लिहिलेलं असतं का? किती लिटरला किती?

गाडा_नंबर_७

किलोच्या डब्यातनं सुट्टं काढून देतात. पुडी कोरी. पप्पा जिभेवर घेऊन बघतात, बस.

मधुमेही_काका

हे मात्र भयंकर आहे. मला माझी गोळी मोजून मिळते, एक कप एक गोळी.

ऊस_पट्टा

माझ्या मुद्द्यावर कुणी बोललंच नाही. साखर महाग म्हणून पुडी, मग साखर स्वस्त करा म्हणताल, म्हणजे परत आम्हीच मेलो.

लॅबवाला

भाऊ तुमचा मुद्दा दराचा आहे, आरोग्याचा नाही, दोन्ही एकात कालवू नका. तसंही टॅक्समध्ये साखर आणि स्वीटनर एकाच तागडीत आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोल्ड्रिंकला ४० टक्के जीएसटी, साखर घातलेली असो की इतर गोडी देणारा पदार्थ, दोन्हीला तेवढाच. इंग्लंडनं २०१८ ला साखरेच्या प्रमाणावर कर लावला तेव्हा कंपन्यांनी भराभर साखर कमी केली आणि बऱ्याच जणांनी जागा स्वीटनरनं भरली. म्हणजे नियम जिकडं ढकलतो तिकडं माल जातो.

मराठीत छापा म्हणणाऱ्या दादांसाठी, सध्याच्या नियमात लेबलची माहिती इंग्रजी किंवा देवनागरी हिंदीत पाहिजे. मराठी घालायला मनाई नाही, पण सक्तीपण नाही. ती सक्ती दिल्लीतनंच यावी लागेल.

दुपारची_शिफ्ट

आणि सुट्ट्या मालाला करता येतं की. ऑक्टोबर २०२० पासून सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर 'अमुक तारखेपर्यंत खावी' लिहायला लावलंच ना? तशी गाड्यावर एक पाटी, 'यात सॅकरिन आहे, लहान मुलांना देऊ नये.' तीन रुपयाचा खडू.

गाडा_नंबर_७

ताई, गोळा खातं कोण? लहान मुलंच. ती पाटी लावायची म्हणजे गाडाच बंद करायची पाटी.

कडक_भाकरी

हेच तर! जो पदार्थ पोरंच खातात त्यात पोरांना नको असलेली वस्तू टाकायची नाही, संपला विषय. मोठ्यांच्या चहात टाका, डाएट कोलात टाका, माझी हरकत नाही, काकांची गोळी कुणी काढून घेत नाही. सगळ्याच सुट्ट्या मालात बंद करा असं वर म्हणालो ते रागात, मागं घेतो. गोळा, कांडी, शाळेसमोरचा सरबत, एवढ्यात नको.

मी तक्रार करायचा विचार करालोय.

लॅबवाला

तक्रारीआधी हे बघा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम ४० आहे, साधा गिऱ्हाईकपण फी भरून अन्न विश्लेषकाकडनं पदार्थ तपासून घेऊ शकतो, आणि रिपोर्ट विक्रेत्याच्या विरोधात गेला तर फी परत मिळते. एकच अट, विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचं की मी हे तपासायला नेणार आहे.

होम_मैदान

म्हणजे गोळेवाल्याला म्हणायचं, एक काला खट्टा द्या, लॅबला न्यायचाय 😂 आणि पोचेपर्यंत पाणी.

लॅबवाला

पाक घ्या हो, गोळा कशाला. स्वच्छ बाटलीत, गाड्यावरच भरून.

गाडा_नंबर_७

शनिवारी या, सातच्या पुढं. इनबॉक्स करतो कुठं ते. पप्पांना मी आधीच सांगून ठेवतो, तेवढी अट पुरी. पण बाटली पुढच्या गाड्यावरनं बी भरायची, एकट्या आमच्याच नाही. आणि पोरीला आणा, तिला साखरेचा करून देतो, पैसे नको.

कडक_भाकरी

येतो. पैसे घ्यावे लागतील, नाहीतर येत नाही.