मदत हवी आहे: पावसाळाभर उभ्या असलेल्या मोटरहोममध्ये उंदीर शिरले आहेत, वाट सापडत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. दोन वर्षांपूर्वी एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिचं मोटरहोम करून घेतलं. रात्री जोडले की पलंग होणारे दोन बाक, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि मुख्य म्हणजे गाडीतच संडास. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, शिवाय तिला दमा आहे. वाटेतली स्वच्छतागृहं तिला जमेनात, म्हणून तिचं गावाला जाणंच बंद झालं होतं. गेल्या वर्षी याच गाडीतून ती गणपतीपुळ्याला जाऊन आली. आता दिवाळीनंतर तिला गुहागरला न्यायचं कबूल केलं आहे, त्यामुळे जरा घाईनं विचारते आहे.

जून ते सप्टेंबर गाडी हलत नाही. उंचीमुळे ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावत नाही, म्हणून मागच्या कुंपणाला लागून उभी असते. कुंपणापलीकडे कालवा, आणि काठाला घुशींची बिळंच बिळं. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला, तेव्हा तत्कालीन जलसंपदामंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भिंत पोखरल्याचं कारण दिलं होतं. त्यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. कालवा कशानं फुटला ते सोडा, बिळं मात्र आम्ही रोज बघतो.

गेल्या रविवारी गाडी उघडली तर आधी वास आला. बाकाखालच्या कप्प्यात आईची गोधडी ठेवली होती, तिच्याच जुन्या लुगड्यांची. वरून नीट घडी घातलेली दिसत होती. उचलली तर खालच्या बाजूला मुठीएवढा खळगा. लुगड्याचं हिरवं सूत पिंजून पिंजून इतकं मऊ केलेलं, की हाताला कापूस लागल्यासारखं वाटलं. त्यात शेंगांची दोन टरफलं आणि ओट्यामागच्या थर्माकोलचा चुरा. लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार, म्हणजे घूस नव्हे, घरात दिसतो तो लहान उंदीर. गोधडी गेल्याचं आईला अजून सांगितलेलं नाही.

त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे बॅटरीकडून दिव्यांकडे जाणारी वायर दोन ठिकाणी सोललेली होती, तांबं उघडं पडलेलं. गॅसच्या सिलिंडरचा कप्पा तिथून हातभर अंतरावर आहे. बॅटरी लगेच सोडवली आणि इलेक्ट्रिशियनकडून ती वायर पूर्ण बदलून घेतली.

आतापर्यंत काय काय केलं ते लिहिते, म्हणजे तेच सल्ले पुन्हा द्यायला नकोत. सफाई करताना दारं-खिडक्या अर्धा तास उघडून ठेवल्या, मास्क आणि रबरी हातमोजे घातले, ब्लीचचं पाणी (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) शिंपडून पाच-दहा मिनिटं भिजू दिलं आणि मग कागदानं पुसून घेतलं. कोरडा झाडू अजिबात फिरवला नाही. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, आणि सुकलेली घाण उडून नाकात जाणं तर नकोच. डांबरगोळ्या आईच्या दम्यामुळे बाद. आवाजानं उंदीर पळवणारं यंत्र लावलं, चौथ्या दिवशी त्याच्याच शेजारी ताज्या लेंड्या. विष घालायचं नाही, कारण उंदीर पॅनेलमागे मरून पडला तर तो काढायला अख्खी भिंत उकलावी लागेल, आणि विष खाल्लेला उंदीर मांजरानं किंवा घुबडानं धरला तर तेही मरतं. चिकट पॅडवर बंदी घालावी असं भारतीय पशुकल्याण मंडळानं राज्यांना कळवलेलं आहे. ते कळवलं नसतं तरी मी ते आणलं नसतं.

पिंजरा लावला. भाजलेल्या खोबऱ्याच्या तुकड्याला पाच रात्रींत दोन सापडले. पण वाट उघडी असेल तर पिंजरा किती दिवस पुरणार? उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्लं घालते.

तर मला विचारायचं आहे ते एवढंच: आत येण्याची वाट शोधायची कशी आणि बुजवायची कशानं? गॅसच्या कप्प्याच्या तळाला रुपयाएवढं एक भोक आहे. ते बंद करावं का?

प्रतिसाद १

ताई, ते भोक बंद करू नका. आधी हे लिहितो, बाकीचं नंतर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली बसतो आणि त्या भोकातून बाहेर पडतो. भोक बुजवलंत तर कप्प्यात साठून राहील. त्यावर बारीक छिद्रांची स्टीलची जाळी रिव्हेट मारून बसवा आणि दर फेरीनंतर चिखलानं बुजली नाही ना ते बघा.

गाड्यांच्या बॉडीचं काम करतो म्हणून सांगतो, पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून उंदीर जातो. सहा मिलिमीटर पुरतात. रात्री गाडीत मोठा दिवा लावा, बाहेर पूर्ण अंधार करा आणि सतरंजी टाकून गाडीखाली झोपा. जिथून उजेड दिसेल तिथून उंदीर. पाण्याच्या पाइपाभोवती, सांडपाण्याच्या नळीपाशी, वायरींचा जुडगा जमिनीतून वर येतो तिथे आणि चाकांच्या वरच्या पत्र्याच्या जोडात हमखास सापडेल. चाकावरून तो सहज चढतो.

बुजवायला भांडी घासायची स्टीलची गुंडाळी घट्ट कोंबा, वरून सीलंट. साधी लोखंडी तारेची घासणी नको, एका पावसाळ्यात गंजून चुरा होते. नुसता फोम भरला तर तो कुरतडायला त्यांना एक रात्र पुष्कळ झाली. मोठ्या भोकांना जाळीच हवी. बोहरी आळीत हवी तेवढी कापून मिळते.

प्रतिसाद २

भोकं बुजवण्याआधी आत कोणी उरलेलं नाही याची खात्री करा. आम्ही गाडीच्या जमिनीवर रांगोळी पातळ भुरभुरतो. सकाळी पावलांवरून कळतं, आहे की नाही आणि कुठून कुठे जातो तेही. आणि उभ्या गाडीत गोधड्या, उशा, पोह्यांचा डबा, काहीही ठेवू नये. खायला नसलं तरी अंथरुणासाठी येतात.

गाडीखाली चिचुंद्री दिसली तर तिला राहू द्या. लांब नाकाची, उग्र वासाची, चिकचिक आवाज करते. ती झुरळं-किडे खाते, वायरी कुरतडत नाही.

धागा काढणारीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. गॅसच्या भोकाबद्दल विचारलं नसतं तर मी ते उद्याच सिमेंटनं बंद करणार होते.

काल रात्री भाऊ गाडीखाली झोपला आणि मी आत दिवा धरून सरकत गेले. सात ठिकाणी उजेड दिसला. सगळ्यात मोठी फट सांडपाण्याच्या नळीभोवती होती, बोट जाईल एवढी. नळी दीड इंची आणि भोक दोन इंची पाडून ठेवलेलं. गाडी बांधून घेताना हे बघायला हवं होतं. तिच्या कडेला काळपट तेलकट डाग होता, रोज ये-जा असल्यासारखा. स्टीलची गुंडाळी आणि सीलंटनं सहा जागा बुजवल्या, गॅसच्या भोकावर जाळी बसवली. कुंपणावरून टपावर टेकलेली शेवग्याची फांदीही सोसायटीला विचारून कापली.

सातवी जागा राहिली आहे. मागच्या दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात कुरतडलेलं आहे. आज सकाळी रांगोळीवर तिथपर्यंत एकच पावलांची ओळ होती, बाहेर जाणारी. नवं रबर बसवलं तरी तेही कुरतडतील, असं वाटतं. दार नीट लागेल आणि पाणीही आत येणार नाही, अशा बेतानं तिथे पत्र्याची पट्टी कोणी बसवून घेतली आहे का? फोटो असेल तर कृपया टाका.