पँडोराची पेटी की रांजण?

प्रश्न: ग्रीक-रोमन पुराणकथांतून आलेले शब्द आणि चिन्हं वापरताना नेमक्या कुठे चुका होतात?

प्रतिसाद १: जिने झाकण उघडून जगात संकटं सोडली, त्या पँडोरापासूनच सुरुवात करा. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात पेटी नाहीच, 'पिथोस' आहे, म्हणजे साठवणीचा मोठा रांजण. १६ व्या शतकात डच विद्वान इरॅस्मसने लॅटिनमध्ये 'पिक्सिस', म्हणजे डबी, असं लिहिलं आणि तेच रूढ झालं. वाक्प्रचारात पेटी चालेल. मूळ कथा सांगताना मात्र रांजणच लिहा.

प्रतिसाद २: 'ट्रोजन' तर उलटाच! ट्रॉय शहरात नेलेल्या लाकडी घोड्यात लपले होते ग्रीक. ट्रोजन म्हणजे ट्रॉयचे, फसलेले लोक. शिवाय संगणकातल्या ट्रोजनला व्हायरस म्हणू नये. तो स्वतःच्या प्रती काढत नाही; कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन येतो आणि वापरणाराच त्याला आत घेतो. उपमा इथे चपखल बसते.

प्रतिसाद ३: मूलद्रव्यांत टँटलमचं नाव सर्वांत सुरेख. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ एकेबर्गने ते १८०२ मध्ये शोधलं. त्याचं ऑक्साइड आम्लात बुडवलं तरी आम्ल 'पीत' नव्हतं, म्हणून ग्रीक कथेतल्या, पाण्यात उभा राहूनही तहानलेल्या टँटॅलस राजाचं नाव. पुढे १८४४ मध्ये त्याच्या जोडीच्या मूलद्रव्याला टँटॅलसच्या मुलीचं नाव मिळालं: नायोबी, म्हणून नायोबियम. युरेनियम मात्र या यादीत थेट घालू नका, ते युरेनस ग्रहाच्या नावावरून आलं.

प्रतिसाद ४: चिन्हांत दोन साप आणि पंख असलेली काठी हर्मीसची, म्हणजे व्यापार आणि निरोप्यांच्या देवाची. वैद्यकाची काठी अस्क्लेपिअस या वैद्यकाच्या देवाची: साप एकच, पंख नाहीत. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय दलाने १९०२ मध्ये हर्मीसची काठी चिन्ह म्हणून घेतली, तिथून घोळ वाढला.