कूर्मदृष्टी : अर्थ काय, आणि समुद्री कासवांसाठी वापरावा का?

प्रश्न

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी किनाऱ्याला लागून. थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. यंदा पुळणीवर माहितीचा फलक लावायचा आहे. एका गुरुजींनी मथळा सुचवला, ‘कूर्मदृष्टी’. कानाला गोड वाटतो, कीर्तनात ऐकल्यासारखाही वाटतो, पण नेमका अर्थ आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

गुरुजींनी सुचवलेला शब्द अस्सल आहे. जुनी समजूत अशी, की कासवी पिल्लांना पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. ती पैलतीरावरून नुसती पाहते आणि त्या पाहण्यावरच पिल्लं पोसली जातात. संतांनी हा दृष्टांत देवाच्या आणि गुरूच्या कृपेसाठी पुन्हा पुन्हा वापरला. म्हणून कूर्मदृष्टी म्हणजे दुरून, न बोलता सांभाळणारी मायेची नजर. ‘गुरूंची कूर्मदृष्टी लाभली’ असा प्रयोग करतात. काही जण ‘संथपणे, सावकाश पाहणं’ असा अर्थ लावतात, तो बरोबर नाही. संथपणासाठी आपल्याकडे कासवगती आहे.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. संस्कृतात एक सुभाषित आहे, त्यात मासोळी पिल्लांना पाहून वाढवते, कासवी ध्यानाने आणि पक्षीण स्पर्शाने. म्हणजे तिथे नजर मासोळीची. मराठीत मात्र ती कासवीला मिळाली आणि तिचीच होऊन राहिली.

प्रतिसाद

मी किनाऱ्यावर कासवमित्रांबरोबर काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल, तळाशी रुंद असा मडक्यासारखा खड्डा खणते आणि शंभराच्या आसपास अंडी घालते. मग वाळू ओढून घेते आणि पोटाकडच्या कवचाने एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला आपटत ती वाळू अक्षरशः धुम्मस केल्यासारखी घट्ट करते. शेजारी बसलं तर धप धप आवाज ऐकू येतो. त्यानंतर ती समुद्राकडे वळते आणि मागे फिरून पाहत नाही. पुढचे पन्नासेक दिवस अंडी वाळूच्या उबेवर असतात. ऊब जास्त मिळाली तर माद्या अधिक निपजतात, कमी मिळाली तर नर. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा आई कुठल्या कुठे गेलेली असते. नजरेने पोसणं सोडाच, तिची आणि पिल्लांची गाठच पडत नाही.

आणखी एक. गीतेत स्थितप्रज्ञाला दिलेली उपमा, कासव जसं अवयव आत ओढून घेतं तशी इंद्रियं आवरणारा, ती समुद्री कासवाला लागू पडत नाही. त्याला मान आणि वल्ह्यांसारखे पाय कवचात घेताच येत नाहीत. जाळ्यात अडकलं की ते अंग चोरून बसू शकत नाही, सुटायला धडपडत राहतं आणि श्वासासाठी वर येता आलं नाही तर बुडून मरतं. आपल्याकडे विहिरीतलं, तळ्यातलं, डोंगरातलं, समुद्रातलं, सगळं ‘कासव’च. म्हणून फलकावर एकदा तरी ‘समुद्री कासव’ असं पूर्ण लिहा.

आता मूळ प्रश्न. मला तो शब्द आवडला, पण कासवीसाठी नव्हे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने आपल्याच जिल्ह्यातल्या वेळास गावी काम सुरू केलं, त्याआधी तिथली अंडी खणून विकली जात, खाल्ली जात. उरलेली कुत्री, कोल्हे उकरत. पुढे त्याच गावातली माणसं पहाटे पुळणीवरून माग काढत फिरू लागली. अंडी काढायची, त्याच खोलीचा खड्डा कुंपणाच्या आत करायचा, अंडी हिसका न देता, न फिरवता तिथे ठेवायची, दिवस भरत आले की घरट्यावर टोपली झाकायची आणि पिल्लं निघाली की सोडताना पाण्यापासून थोड्या अंतरावर ठेवायची. उचलून पाण्यात टाकायची नाहीत, चार पावलं त्यांची त्यांनी चालायची. दुरून सांभाळणं म्हणतात ते हेच. कूर्मदृष्टी असेल तर ती या लोकांची आहे.

प्रतिसाद

गोव्याहून लिहिते. गालजीबाग, आगोंद, मोरजी या किनाऱ्यांवर आमच्याकडेही कासवं येतात. कूर्मदृष्टी समजावून सांगावी लागेल, त्यापेक्षा ‘राखण’ का नको? गावचा राखणदार देव कोण हे कोकणात आणि गोव्यात पोरालाही सांगावं लागत नाही. ‘घरट्याची राखण’ म्हटलं की संपलं. ‘संवर्धन’ सरकारी कागदावर शोभतो, पण रात्री पुळणीवर कुणी संवर्धन करत नाही, राखणच करतं.

प्रतिसाद

दोन्ही वापरता येतील, मथळा एक आणि मजकूर दुसरा. फक्त राखण आपल्याच किनाऱ्यापुरती असते, हे ध्यानात असू द्या. २०२१ साली ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी, असंच तोवर बहुतेक जण धरून चालले होते. तिची राखण ओडिशाने केली, आपण केली आणि मधल्या समुद्रातल्या मच्छीमारांनीही केली असेल. एवढ्या लांबच्या पल्ल्याला कूर्मदृष्टी हाच शब्द पुरतो, असं माझं मत.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजींना हे सारं वाचून दाखवलं, त्यांना राखण फार पटली. मथळा ‘कूर्मदृष्टी’ ठेवतोय आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘समुद्री कासवांच्या घरट्यांची राखण’. त्याखाली तीनच सूचना: पांढरी बॅटरी लावू नये, कारण उजेडाला भुलून पिल्लं समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात, वाळूवर गाडी घालू नये, मादी वर येताना दिसली तर तिच्या वाटेत उभं राहू नये. आणखी एक विचारायचं राहिलं. मादीला ‘कासवी’ लिहावं की ‘कासवीण’? आमच्या गावात दोन्ही चालतात.